अकरावा रकाना

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही. तासगावच्या कन्याशाळेत ते एकवीस वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांच्या निरोप समारंभात चार वक्त्यांनी हेच वाक्य म्हटलं आणि पाचव्याने तेच म्हणायला वीस मिनिटं घेतली. वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. दादांनी खरं किती वेळा सांगितलं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

ते विचारायची पाळी माझ्यावर आली मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, खाट क्रमांक नऊपाशी.

"ऑपरेशन उत्तम झालंय," सोमवारी सकाळी डॉक्टर रुईकर मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले. माणूस पस्तिशीचा, बोलणं भरभर, हातात कायम पुढच्या पेशंटचा कागद. "पीळ सुटला. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढून जोडलंय. आता फक्त एका गोष्टीची वाट बघायची."

"कशाची?"

"गॅस पास झाला पाहिजे. ऑपरेशननंतर आतडी झोपून जातात. जागी झाली की पहिली बातमी तीच. तोपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही."

"आणि बातमी आलीच नाही तर?"

"गुरुवारपर्यंत थांबू. नाहीतर परत उघडावं लागेल. आणि ते मला अजिबात नकोय. दोन वर्षांपूर्वी अ‍ॅटॅक येऊन गेलाय त्यांना. एका भुलीतून निघाले, दुसरीचं मी सांगू शकत नाही." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पेशंटला नीट समजावून सांगा. लाजू नका म्हणावं, झालं की लगेच सांगायचं. तुम्ही प्रोफेसर माणूस, तुमच्यावर सोडतो."

मी मान डोलावली. मी राज्यशास्त्र शिकवत असे. सत्तेपुढे मान कशी डोलवायची, हा त्या विषयाचा प्रात्यक्षिकाचा भाग आहे.

आमच्या घरात तो आवाज कधी झाला नव्हता. म्हणजे इतर घरांत होतो तितकाच होत असणार. पण झाला की आजी देवांकडे बघायची, आई भाताकडे आणि मी गणिताच्या वहीकडे. दादा आधीपासून ज्या दिशेला बघत असत, त्याच दिशेला बघत राहत. मराठीत या क्रियेला एक रोखठोक शब्द आहे. तो प्रत्येक पोराला तिसऱ्या वर्षी येतो. मलाही येत होता. पण त्याच वर्षी तो आमच्या घरातून गेला आणि परत आला नाही. हा माणूस पोटदुखीसुद्धा 'अस्वस्थता' म्हणून सांगायचा. शनिवारी दुपारी त्यांनी अस्वस्थता असल्याचं कळवलं, याचा अर्थ ती गुरुवारपासून असणार, हे आईला आणि मला लगेच कळलं. आतडं काळं पडेपर्यंत वेळ मिळाला तो त्यामुळेच.

मी खाटेपाशी गेलो. दादांच्या नाकात नळी, हातात सलाईन, मनगटावर घड्याळ. ऑपरेशनच्या वेळी काढलेलं घड्याळ त्यांनी शुद्धीवर येताच मागून घेतलं होतं. आई उशाशी स्टुलावर बसून ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" दादांनी विचारलं. आवाज कागद चुरगळल्यासारखा येत होता.

"ऑपरेशन उत्तम झालंय म्हणाले."

"पाणी?"

"पोट ठीक झालं की."

"म्हणजे कधी?"

"ते... ठरवतील ते."

"संदिग्ध," दादा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. माझ्या निबंधांवर ते लाल शाईने हाच शेरा मारत.

आता सांगू, आई चहाला गेली की सांगू, असं करता करता सोमवार गेला. आई चहाला गेली तेव्हा मी पाच मिनिटं त्यांच्याकडे बघत बसलो. सुरुवात कुठून करायची, तेच ठरेना. डॉक्टरांचा इंग्रजी शब्द वापरावा, तर तो दादांपुढे उसना वाटला असता. संस्कृत वापरावा, तर श्राद्धाला बसल्यासारखं वाटलं असतं. शेवटी आईच परत आली.

मंगळवारी सकाळी मला एकदम हायसं वाटलं, कारण वॉर्डच्या सिस्टर बदलल्या. नव्या सिस्टर रजेवरून परत आलेल्या होत्या, अंगाने भरलेल्या, चाळिशीच्या, साऱ्या वॉर्डला दराऱ्यात ठेवणाऱ्या. सात नंबरच्या पैलवानाला त्यांनी दारातूनच झापलं, "ए, उताणं झोप म्हटलं ना! टाके तुझे सासरे घालणारेत का परत?" मी मनात म्हटलं, सुटलो. ही बाई विचारील.

बाई खाट क्रमांक नऊपाशी आल्या, चार्ट उचलला, नाव वाचलं आणि चार्ट छातीशी धरून ताठ उभ्या राहिल्या.

"नमस्ते, सर."

दादांनी डोळे उघडले. "कोण?"

"शबाना मुजावर, सर. दहावी ब. एकोणनव्वद."

"तिसरा बाक," दादा म्हणाले. "खिडकीकडचा."

"हो सर."

"भूगोल?"

"सुटला सर. छत्तीस."

आईला कोण आनंद झाला. "अगं बाई, घरचंच माणूस निघालं!" मी मात्र शबानाबाईंचे पाय बघत होतो. पायांत हॉस्पिटलच्या पांढऱ्या चपला होत्या आणि टाचा एकमेकींना जुळलेल्या होत्या. त्या एकवीस वर्षांत तासगावातून नर्सिंगला गेलेली प्रत्येक मुलगी दादांच्या हाताखालून गेली होती, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

त्या दर चार तासांनी येत. ताप बघत, नाडी बघत, नळीतून आलेलं पाणी मोजत. सगळं झालं की चार्टातल्या शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबे.

"सर..."

"बोल."

"सर, ते... तुम्हाला..."

"वाक्य पूर्ण करावं."

"काही नाही, सर."

आणि व्हरांड्यात जाऊन त्या रकान्यात 'नाही' लिहीत. मी हे बघितलं, कारण मी मागोमाग गेलो होतो.

"सिस्टर, तुम्ही विचारलं नाहीत."

"तुम्ही विचारा की! तुमचे वडील आहेत."

"तुमचे पेशंट आहेत."

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "माझ्या सर्व्हिसला अठरा वर्षं झाली. एका आमदाराला विचारलंय, एका स्वामींना विचारलंय. पण ह्यांच्यापुढे मी नववीत वर्गात शिंकले होते. नुसती शिंकले होते हो. ते माझ्याकडे बघत राहिले. मला अजून शिंक आली की आधी मागं बघते मी."

मी तिसरीत शिंकलो होतो.

बुधवारी दादांचे ओठ फुटले. समोरच्या खाटेवरचा माणूस ताक प्यायला लागला की दादा मान भिंतीकडे वळवत. पाणी त्यांनी पुन्हा मागितलं नाही. एकदा मागून मिळालं नाही, तर ती गोष्ट नियमात बसत नसणार, असा त्यांचा हिशोब. पोट थोडं फुगलेलं दिसत होतं. आई कापूस बुडवायची, टिपायची, आणि मधेच माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "शिरू, अरे विचार ना डॉक्टरांना, एक चमचा तरी. एका चमच्याने काय होतंय?"

"पोट ठीक झालं की देतील, आई."

"ते केव्हा कळणार?"

"कळेल."

दहाच्या राउंडला डॉक्टर रुईकर आले. बरोबर शबानाबाई आणि शिकाऊ नर्सिंगच्या सहा मुली, सगळ्या वह्या घेऊन. डॉक्टरांनी दादांच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, आणि मग साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय सर, गॅस पास झाला का?"

सहा मुलींनी पेनं सरसावली. आई खिडकीकडे बघायला लागली. शबानाबाईंनी खाली बघितलं. मी भिंतीवरचं हात धुण्याविषयीचं चित्र पुन्हा एकदा वाचलं.

दादांनी डोळे मिटून घेतले.

"नाही ना?" डॉक्टर म्हणाले. "हं." त्यांनी लिहून टाकलं. मुलींनीही लिहून टाकलं.

ते गेल्यावर दादा बोलले. "डॉक्टर हुशार आहे. पण सभेत कसं बोलावं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली. पुढे ओढताना ती कर्रकन वाजली आणि तेवढ्यानेही मी दचकलो.

"दादा."

"हं."

"पोट कसं वाटतंय?"

"आहे."

"म्हणजे... हलकं, जड?"

"प्रश्न नेमका असावा."

मी तोंड उघडलं. त्या क्षणी मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, मला दोन मुली होत्या, माझी दोन पुस्तकं विद्यापीठात लागलेली होती. माझ्या वडिलांचा जीव एका वाक्यावर अडकला होता आणि ते वाक्य चार शब्दांचं होतं. दादा वाट बघत होते. त्यांची नजर काही रागाची नव्हती. पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केलाय आणि आता तो उत्तर देणार, अशी ती नजर होती.

"काही नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला फोन केला. "प्रोफेसर, तुम्ही त्यांना स्वतः विचारलंत ना? मला खात्री हवी. आतड्यांचे आवाज येतायत, पण पोट फुगतंय आणि पुढे काही सरकत नाहीये. म्हणजे कुठेतरी अडकलंय. विचारलंत ना?"

"हो," मी म्हणालो. "नाही म्हणाले."

इतक्या सहजपणे मी त्याआधी कधी खोटं बोललो नव्हतो. मला वाटलं, सांगण्यासारखं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं. नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

गुरुवारी सकाळी साडेआठला डॉक्टर एक्स-रे घेऊन आले. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. मला त्यात ढग दिसले.

"अकरा वाजता घेतोय आत," ते म्हणाले. "आणखी थांबणं बरोबर नाही."

भूल देणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी मला हृदयाविषयी बरंच सांगितलं. त्यातलं एकच लक्षात राहिलं. त्या 'जर उठले तर' म्हणाल्या, आणि लगेच चूक दुरुस्त करून 'उठल्यावर' म्हणाल्या. मी सही केली. साक्षीदार म्हणून आईनेही केली. चष्मा न लावता, त्यामुळे ती ओळीच्या बाहेर गेली.

"दादा, परत एक छोटं ऑपरेशन करायचंय म्हणतात."

"कारण?"

"डॉक्टरांना तसं वाटतंय."

दादांनी वर पंख्याकडे बघितलं. मग सावकाश घड्याळ सोडायला लागले. सलाईनच्या हातामुळे बक्कल निघेना. मी मदत केली.

"रोज सकाळी सातला किल्ली द्यायची," ते म्हणाले. "जास्त पिळायची नाही. बारा वेळा. आणि शाळेच्या वाचनालयाची तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत, ती परत करायची. मुदत शनिवारची आहे."

"तुम्हीच कराल, दादा."

"मी नियम सांगितला," दादा म्हणाले. "कोण करणार, ते नंतर बघता येईल." मग आईकडे बघून म्हणाले, "तू रडू नकोस. लोक बघतायत."

आई रडत नव्हती. ते म्हणाले म्हणून तिला रडू आलं.

मी घड्याळ खिशात ठेवलं. ते मांडीला गरम लागत होतं. मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस जाऊ शकतो, आणि जाताना आपल्याकडे तक्रारसुद्धा करणार नाही.

सव्वानऊला शबानाबाई एक कागद घेऊन आल्या. ऑपरेशनला नेण्याआधी भरायचा हॉस्पिटलचा छापील तक्ता होता तो. डोळे लाल होते बाईंचे. हा तक्ता त्या नेहमी नातेवाइकांना विचारून उभ्या उभ्या भरत. त्यांनी मला विचारलं, "पूर्ण नाव?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"इकडे द्या."

"सर, मी भरते ना. तुम्ही कशाला—"

"शुद्धीवर असलेल्या माणसाचा अर्ज दुसऱ्याने भरायचा नसतो."

शबानाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आईने पिशवीतून चष्मा काढून दादांच्या नाकावर, नळीच्या वर, बसवला. मी त्यांच्या छातीशी पाटीसारखा चार्ट धरला. दादांनी पेन घेतलं.

कागद बघून चेहऱ्यावर थोडं रक्त आलं त्यांच्या. चाळीस वर्षं त्यांनी शिक्षण खात्याचे तक्ते भरले होते. दरवर्षी तपासणीला आलेला अधिकारी म्हणे, कुंभोजकर सरांच्या शाळेत एक रकाना कोरा सापडला तर मी राजीनामा देईन. आत्ताही ते ओळीने भरत गेले. पूर्ण नाव. वय: एकाहत्तर वर्षे चार महिने. कृत्रिम दात: खालचे दोन. नखांना रंग: नाही. नाहीपुढे त्यांनी पूर्णविराम दिला. दागिने: एक घड्याळ, मुलाच्या ताब्यात. शेवटचा आहार: शनिवार, दुपारी एक वाजता, मऊ भात.

मग पेन किंचित थांबलं. त्यांनी आळीपाळीने माझ्याकडे, शबानाबाईंकडे आणि आईकडे बघितलं, आणि चार्ट स्वतःकडे थोडा तिरपा करून घेतला, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून करतात तसा. लिहिलं. पुढचे दोन रकाने भरले, सही केली, खाली तारीख घातली आणि कागद परत दिला.

शबानाबाईंनी वरून खाली नजर फिरवली. अकराव्या रकान्यापाशी थांबल्या. पुन्हा वाचलं. मग त्यांनी तोंडावर हात धरला आणि व्हरांड्याच्या दिशेने पळत सुटल्या.

"शबाना मुजावर!" दादा म्हणाले. तीन दिवसांत तेवढा आवाज पहिल्यांदाच निघाला होता. "पळायचं नाही!"

शबानाबाई थबकल्या, दहा पावलं चालल्या, आणि दारातून बाहेर पडल्यावर पुन्हा पळाल्या.

दोन मिनिटांत डॉक्टर रुईकर आले, तोच कागद घेऊन, मागोमाग शबानाबाई. ते खाटेपाशी वाकले. या वेळी आवाज बराच खाली होता.

"सर, हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर वाचता येत नाही का?"

"येतं. पण हे... मंगळवार?"

"तिथे तारीख आणि वेळ विचारली होती. ती दिली."

डॉक्टरांनी मला कागद दाखवला. अकराव्या रकान्यात छापलं होतं: शौच / गॅस, शेवटचे केव्हा. पुढे दादांच्या वळणदार अक्षरात होतं: *शौच निरंक. वायू: प्रथम मंगळवार, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे. बुधवारी तीन वेळा. आज पहाटेपासून दोन वेळा (वेळा नोंदलेल्या नाहीत, क्षमस्व).*

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, ऐकलं, परत दाबलं. एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. मग भूल देणाऱ्या मॅडमना फोन लावून म्हणाले, "थांबा. नाही, रद्द. संध्याकाळपर्यंत थांबू. नाही हो, पेशंट बरा आहे. पेशंटनेच सांगितलं. लेखी."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "प्रोफेसर, तुम्ही काल म्हणालात, विचारलं म्हणून."

मी खिशातलं घड्याळ चाचपलं. ते चालू होतं.

उत्तर शबानाबाईंनीच दिलं, म्हणजे प्रश्नाने दिलं. अठरा वर्षांची सर्व्हिस गोळा करून त्या म्हणाल्या, "सर, मंगळवारीच का नाही सांगितलंत? दोन दिवस तुम्ही तहानलेले..."

"मला कोणी विचारलं नाही," दादा म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं, ते मुलींसमोर. आणि त्याचा पाण्याशी संबंध आहे, हे मला कळायला नको?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी आईकडे वळलो. आई कापसाची वाटी झाकत होती.

"आई, मंगळवारी पाच-वीसला तू इथेच होतीस ना?"

"होते की. शाळेच्या दळवीबाई आल्या होत्या भेटायला, फुलं घेऊन."

"मग... तुला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? मी ऐकलं. दळवीबाईंनीही ऐकलं. त्या फुलांचा वास घ्यायला लागल्या."

"मग बोलली का नाहीस?"

आईने वाटी खिडकीत ठेवली. "आता ह्याचं काय बोलायचं असतं?" ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं ऐकतेय."

दादा त्यानंतर अकरा वर्षं जगले. पुस्तकं त्यांनी स्वतः परत केली, चार दिवस उशिरा, दिलगिरीच्या पत्रासह. घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांना दोन चमचे पाणी देण्यात आलं. ते कोमट होतं.